आत काय आहे ते आधी सांगा

"झेपत नसेल तर घरी बसा." हिंदी थ्रिलरचा विषय निघाला की हे वाक्य हमखास ऐकू येतं. विरार लोकलच्या डब्यात येतं, कॉलेजच्या कट्ट्यावर येतं, शाळेत शिक्षकांच्या खोलीतही येतं. कुणीतरी एवढंच म्हणालेलं असतं की त्या चित्रपटात लहान मुलीच्या छळाचं इतकं लांबलचक दृश्य आहे हे आधी कळलं असतं तर बरं झालं असतं. तेवढ्यावर त्या माणसाला हळवा ठरवतात, सेन्सॉरचा हस्तक ठरवतात आणि वाटेला लावतात.

या मंडळींचं म्हणणं मी बरीच वर्षं ऐकते आहे. ते थोडक्यात असं आहे. चित्रपटाला 'ए' प्रमाणपत्र मिळालं म्हणजे तो प्रौढांचा आहे हे सांगून झालं, प्रौढ माणसाला आणखी काय सांगायचं? आत अत्याचार आहे असं आधीच लिहिलं की रहस्यपटातलं रहस्य संपलं. सूचना मागणं म्हणजे कात्रीला आमंत्रण देणं. आज सूचना लावा म्हणतील, उद्या दृश्य काढा म्हणतील. मुलांचं म्हणाल तर ती आईबापांनी सांभाळावीत, थिएटरवाल्याने नव्हे. आणि शेवटचा मुद्दा फार खोल असल्याच्या थाटात येतो: वास्तव याहून भयंकर आहे, मग पडद्याचीच भीती कशाला?

यातला एकही मुद्दा टिकणारा नाही. मी वसईत राहते, शाळेत शिकवते आणि थ्रिलर आवडीने बघते. अनुराग कश्यपचे 'अग्ली' आणि 'रमन राघव 2.0' मी थिएटरात जाऊन पाहिलेत, श्रीराम राघवनचा 'बदलापूर'ही. असे चित्रपट निघूच नयेत असं मला कधी वाटलं नाही. तेव्हा मला संस्कृतिरक्षकांच्या रांगेत उभं करण्याची घाई कुणी करू नये.

आधी त्या 'ए' अक्षराचं बघू. 1952 च्या सिनेमॅटोग्राफ कायद्यात दोनच वर्ग होते, सर्वांसाठी 'यू' आणि प्रौढांसाठी 'ए'. 1983 मध्ये पालकांच्या मार्गदर्शनासह बघायचा 'यूए' आणि ठरावीक व्यावसायिकांपुरता 'एस' यांची भर पडली. पुढची चाळीस वर्षं 'यूए'मध्ये सात वर्षांच्या मुलाने बघावं असंही बसत होतं आणि सतरा वर्षांच्या मुलाची झोप उडेल असंही. हे वर्ग वयाप्रमाणे फोडा, असं न्यायमूर्ती मुद्गल समितीने 2013 मध्ये आणि श्याम बेनेगल समितीने 2016 मध्ये सांगितलं. ते घडायला 2023 ची कायदादुरुस्ती आणि 2024 ची नियमावली यावी लागली. आता 'यूए'चे सात, तेरा आणि सोळा असे तीन भाग झाले आहेत. बेनेगल समितीने मात्र आणखी एक गोष्ट सुचवली होती आणि ती मागे पडली. प्रौढांच्या चित्रपटांतही एक वेगळा वर्ग करा, ज्याला 'ए'च्या जोडीला सावधानतेचा इशारा असेल, असं समितीचं म्हणणं होतं. म्हणजे प्रौढ माणसालाही आधी सावध करावं लागतं, हे सांगणारे बेनेगल होते. विजय तेंडुलकरांच्या लेखणीतून उतरलेला 'निशांत' पडद्यावर आणणारे बेनेगल. त्यांनाही हळवे म्हणायचं का?

'ए' या अक्षरातून कळतं तरी काय? 'डेल्ही बेली'ला 'ए' होतं आणि 'रमन राघव 2.0'लाही 'ए'च. एकात शिव्या आणि आचरट विनोद, दुसऱ्यात डोकी फोडत हिंडणारा खुनी. मित्रांसोबत शनिवारी रात्री हसायला जाणाऱ्याला आणि दोन आठवड्यांपूर्वी घरात मृत्यू पाहिलेल्याला हे अक्षर सारखीच माहिती देतं, म्हणजे काहीच देत नाही. ते फक्त वय विचारतं. पण अठरा वर्षं पूर्ण झालेली सगळी माणसं एकसारखी असतात का? बाळ गमावलेली बाई, लहानपणी नातेवाइकाच्या हातून अत्याचार सोसलेला पुरुष, गरोदर मुलगी, नुकताच हृदयविकारातून उठलेला गृहस्थ हे सगळे प्रौढ आहेत. 2023 च्या डिसेंबरात राज्यसभेत खासदार रंजीत रंजन यांनी 'ॲनिमल'बद्दल बोलताना सांगितलं की त्यांची मुलगी आणि तिच्या मैत्रिणी चित्रपट अर्धवट सोडून रडत बाहेर आल्या. त्या कॉलेजात जाणाऱ्या मुली होत्या. 'ए'ने त्यांना आत सोडलं ते कायद्याप्रमाणे बरोबरच होतं. आत काय आहे ते त्यांना कुणी सांगितलं होतं का, हा माझा प्रश्न आहे.

यातली सगळ्यांत चमत्कारिक गोष्ट पुढेच आहे. 25 फेब्रुवारी 2021 ला केंद्र सरकारने डिजिटल माध्यमांसाठी नियम काढले. ओटीटीवरच्या प्रत्येक चित्रपटाला वयाचा वर्ग तर हवाच, शिवाय आशयात नेमकं काय आहे त्याचं शब्दांत वर्णन हवं, आणि ते कार्यक्रम सुरू होताना दिसायला हवं. तेरा आणि त्यापुढच्या वर्गांना पालकांसाठी कुलपाची सोय, 'ए'साठी वय तपासण्याची खात्रीची व्यवस्था. त्यामुळे घरी आपल्याच खोलीत, हातात रिमोट असताना, एका बोटाने बंद करता येईल अशा पडद्यावर मला कोपऱ्यात लिहून येतं की यात हिंसा आहे, लैंगिक अत्याचार आहे. तोच चित्रपट थिएटरात, तीनशे रुपये मोजून, अंधारात, दहा माणसांचे पाय ओलांडल्याशिवाय बाहेर पडता येणार नाही अशा खुर्चीवर बघताना मात्र मला एक अक्षर मिळतं, फार तर एक आकडा. जिथे सुटका सोपी तिथे माहिती आणि जिथे सुटका अवघड तिथे मौन. हा उफराटा न्याय कुणाच्या सोयीचा आहे?

खाण्याच्या पाकिटावर हिरवा ठिपका किंवा तपकिरी त्रिकोण असतो. त्या खुणेमुळे वसईत कुणाचं सोरपोतेल शिजायचं थांबलेलं नाही आणि शाकाहारी माणसाची फसगतही होत नाही. ज्याला खायचंय तो खातो. चित्रपटावरचे चार शब्द याहून जास्त काही करणार नाहीत.

आणि सूचनांचं आपल्याला वावडं आहे असंही नाही. 2012 पासून आपण थिएटरात बसलो की चित्रपटाआधी तंबाखूच्या दुष्परिणामांची फीत बघतो, मध्यंतरानंतर पुन्हा बघतो. पडद्यावर कुणी सिगारेट ओढली की खाली वैधानिक इशारा येतो. दारूच्या ग्लासाखालीही ओळ असते. चित्रीकरणात एकाही प्राण्याला इजा झालेली नाही हे सांगितलं जातं, पात्रं काल्पनिक आहेत हे सांगितलं जातं, कुणाच्या धार्मिक भावना दुखवायचा हेतू नाही हेही सांगितलं जातं. इतकं सगळं सांगून झाल्यावर चित्रपट सुरू होतो, आणि चाळिसाव्या मिनिटाला एका लहान मुलाला पोत्यात घालून नेतात, तेव्हा पडद्याच्या खाली ओळ कशाची? बाजूला उभ्या असलेल्या माणसाच्या हातातल्या विडीची. सिगारेट बघून माझं काय होईल याची काळजी सरकारला आहे आणि त्या मुलाचं ओरडणं ऐकून माझं काय होईल याची कुणालाच नाही.

इथे कुणी 'अग्ली'ची आठवण करून देईल. सिगारेटचा इशारा दृश्यावर छापायला कश्यपने नकार दिला, प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि चित्रपट रखडून 2014 च्या अखेरीस लागला. त्याचा तो विरोध मला पटतो. दृश्य चालू असताना त्यात घुसून उपदेश करणं हा चित्रपटाचा अपमानच आहे. म्हणूनच माझं मागणं पडद्यावरच्या दृश्याशी नाही, तिकिटाच्या खिडकीशी आहे. पोस्टरवर, तिकिटाच्या ॲपवर, प्रमाणपत्राच्या त्या दहा सेकंदांत चार शब्द लिहा. चित्रपट सुरू झाल्यावर एक अक्षरही मधे येऊ देऊ नका.

आता रहस्य फुटण्याचा मुद्दा. 'यात बालकावरील अत्याचाराचं दृश्य आहे' असं लिहिल्याने खुनी कोण हे कसं कळतं? ब्रिटनमध्ये वर्षानुवर्षं प्रत्येक चित्रपटाच्या आधी वर्गाबरोबर आशयाची ओळ दाखवतात. तिथले रहस्यपट काही बंद पडले नाहीत. आपल्याकडे बाबूराव अर्नाळकरांच्या रहस्यकथा पिढ्यान्‌पिढ्या वाचल्या गेल्या, नारायण धारपांच्या पुस्तकांवर 'भयकथा' असं ठळक लिहिलेलं असायचं. भय आहे हे आधी कळलं म्हणून धारप वाचताना कुणी कमी घाबरलं का? उलट त्यासाठीच तर पुस्तक ग्रंथालयातून घरी न्यायचे. ज्या चित्रपटाचा सगळा जीव 'आता बलात्कार दाखवणार आहोत हे तुम्हाला माहीत नव्हतं ना' एवढ्यात आहे, तो रहस्यपट म्हणून आधीच हरलेला आहे. राघवनच्या चित्रपटात खून होणार हे पोस्टरवरून कळतं. आपण बघायला जातो ते पुढे काय होतं त्यासाठी.

'आम्ही रामसेंचे भयपट बघून मोठे झालो, आम्हाला काही झालं नाही' असं म्हणणाऱ्यांची मला खरोखर चीड येते. तुम्हाला काही झालं नाही हे चांगलंच आहे. पण त्यावरून शेजारच्या खुर्चीतल्या माणसाचं तुम्हाला काय कळतं? माझी एक सहकारी आहे. नाव सांगणार नाही, ओळख पटेल असंही काही सांगणार नाही. आम्ही चौघी मिळून एक चित्रपट बघायला गेलो होतो, त्यात बंद खोलीतलं एक दृश्य होतं. मध्यंतराला अजून वेळ होता. ती काही बोलली नाही. तिने माझं मनगट धरलं आणि दृश्य संपेपर्यंत सोडलं नाही. घरी आल्यावर बघितलं तर तिच्या नखांचे चार वळ उमटले होते. बाहेर पडल्यावर ती एवढंच म्हणाली, "मला माहीत असतं तर मी आले असते, पण कडेच्या खुर्चीवर बसले असते." हे वाक्य मी त्या 'घरी बसा'वाल्यांना ऐकवते. तिला घरी बसायचं नव्हतं. तिला चित्रपट बघायचा होता. तिला फक्त खुर्ची निवडायची होती.

एक गोष्ट विरोधकांच्या बाजूची आहे आणि ती लपवण्यात अर्थ नाही. अशा सूचनांवर जे प्रयोग झाले, त्यांचा एकत्रित आढावा मानसशास्त्रज्ञांनी 2023 मध्ये प्रसिद्ध केला. सूचना वाचून मनाला होणारा त्रास कमी होतो असं त्यात दिसलं नाही; उलट दृश्य येण्याआधीची धाकधूक थोडी वाढते. हा निष्कर्ष हातात घेऊन काही जण नाचतात. पण मी कुठे म्हणाले की सूचना हे औषध आहे? पुढे वळण आहे ही पाटी वाचून घाटातलं वळण सरळ होत नाही. पाटी लावायची ती चालवणाऱ्याने वेग ठरवावा म्हणून. बघायचं की नाही, कुणासोबत बघायचं, आज की महिनाभराने, हे ठरवायला माहिती लागते. तो निर्णय प्रेक्षकाचा आहे आणि माहिती दडवून तो त्याच्याकडून काढून घेतला जातो.

सूचना म्हणजे सेन्सॉरची पहिली पायरी, हा मुद्दा गंभीर दिसतो म्हणून त्यावर जरा थांबते. महाराष्ट्रात हा वाद नवा नाही. 1970 साली तेंडुलकरांचं 'गिधाडे' रंगभूमीवर आलं तेव्हा गर्भपाताच्या प्रसंगातल्या लाल डागाला परिनिरीक्षण मंडळाने हरकत घेतली. श्रीराम लागू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो डाग निळा केला, आणि प्रयोगाआधी प्रेक्षकांना सरळ सांगितलं की मंडळामुळे तुम्हाला निळा डाग दिसेल, तो लाल समजावा. यात सेन्सॉर कोण होता आणि प्रेक्षकाला विश्वासात घेऊन आधी सांगणारा कोण होता? लपवण्याचा हट्ट मंडळाचा होता. आधी सांगून टाकणं हे कलावंतांनी त्याला दिलेलं उत्तर होतं. 'सखाराम बाइंडर'साठी कमलाकर सारंग न्यायालयात लढले, ते नाटक मूळ संहितेनिशी प्रौढ प्रेक्षकांसमोर यावं म्हणून. ज्याला बघायचं नाही त्याने बघू नये, पण ज्याला बघायचंय त्याला सगळं बघू द्या, ही भूमिका घ्यायची तर पहिल्या माणसाला कळायला नको का की त्याला काय बघायचं नाही?

कात्री चालते ती माहिती आणि वर्गीकरण दुबळं असतं म्हणून. पुण्यातल्या 1976-77 च्या जोशी-अभ्यंकर हत्याकांडावर मराठीत 'माफीचा साक्षीदार' आला. त्याच प्रकरणावर बेतलेला कश्यपचा 'पाँच' सेन्सॉर मंडळात अडकला आणि वर्षानुवर्षं थिएटरात लागला नाही. 2016 मध्ये 'उडता पंजाब'ला मंडळाने तेरा बदल सांगितले. मुंबई उच्च न्यायालयाने एक कट आणि चित्रपटाआधीच्या निवेदनातली दुरुस्ती एवढं ठेवून बाकी सगळं उडवलं. तुमचं काम प्रमाणपत्र देण्याचं आहे, असं न्यायालयाने मंडळाला बजावलं. तो निकाल नीट वाचला तर त्याचा अर्थ हाच आहे: दृश्य राहू द्या, प्रौढांना बघू द्या, आणि आधी निवेदन करा. बहुतेक कापाकापी उडवताना न्यायालयाने निवेदन मात्र ठेवलं.

आणि कात्रीबद्दल इतका कळवळा असेल तर निर्मात्यांकडे बघा. प्रा. प्रतिभा नैथानी यांच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने 'ए' चित्रपट टीव्हीवर दाखवायला मज्जाव केला. टीव्हीच्या हक्कांचे पैसे मोठे, त्यामुळे निर्माता स्वतःच दुसरी आवृत्ती करतो, रक्त कमी करतो, शिव्यांवर आवाज बंद करतो आणि 'यूए' मिळवतो. कित्येकदा तर थिएटरासाठीच 'यूए' हवं म्हणून मंडळाने सांगितलेले कट निमूट मान्य होतात. हे सगळं कुठल्याही हळव्या प्रेक्षकाने सुचवलेलं नसतं. गल्ला वाढावा म्हणून दृश्य कापलं तर ते धंद्याचं गणित, आणि मी दोन शब्दांची सूचना मागितली तर कलेवर घाला?

आता मुलं. 'आईबापांनी लक्ष ठेवावं' हे म्हणणारा माणूस मला नेहमी तीन खोल्यांच्या घरातला वाटतो. त्याने एकदा नालासोपारा पूर्वेला यावं. दहा बाय बाराची खोली, त्यात मोरी, गॅस, कपाट आणि पाच माणसं. बाप पहाटेची लोकल पकडून चर्चगेटला गेलेला, आई वालीवच्या नाहीतर गोखिवऱ्याच्या कारखान्यात पॅकिंगला. घरात एक फोन ठेवलेला असतो, मुलं सुखरूप आहेत हे विचारता यावं म्हणून. त्याच फोनवर शेजारच्या दादाच्या ओटीटीचा पासवर्ड असतो. ते पालकांचं कुलूप लावायचं कुणी, आणि त्याचे चार आकडे ज्या इंग्रजी पानावर घालायचे ते वाचायचं कुणी? कोपऱ्यातली ती सूचना पाच सेकंद येते, बारीक इंग्रजीत येते. महाराष्ट्रात मराठी आणि हिंदी वाचणाऱ्या आईपर्यंत ती पोचावी म्हणून कुणी काय केलं?

'सेक्टर 36' सप्टेंबर 2024 मध्ये नेटफ्लिक्सवर आला. निठारीच्या प्रकरणावर बेतलेला, लहान मुलांच्या हत्यांचा चित्रपट. विक्रांत मेस्सीचं काम अंगावर काटा आणणारं आहे आणि प्रौढांनी तो जरूर बघावा. पण माझ्या आठवीच्या वर्गातल्या मुलांनी तो मधल्या सुट्टीत एकमेकांना सांगितला, सुऱ्यासकट, बाथरूममधल्या त्या प्रसंगासकट. त्यांतला एक मुलगा दुसऱ्या दिवसापासून शाळा सुटल्यावर एकटा घरी जाईना, फाटकापाशी थांबून राही. त्याच्या आईला बोलावलं तर तिला चित्रपटाचं नावही ठाऊक नव्हतं. ती म्हणाली, "मॅडम, हा फोनवर अभ्यास करतो म्हणाला." या बाईला बेजबाबदार म्हणायची माझी हिंमत नाही. ज्यांची आहे त्यांनी तिच्यासारखं एक दिवस जगून बघावं.

शिवाय मुलं ओटीटी उघडतातच असं नाही. झलक आणि तुकडे आपणहून त्यांच्यापर्यंत येतात. 2022 च्या जानेवारीत महेश मांजरेकरांचा 'नाय वरन भात लोन्चा कोन नाय कोन्चा' आला, जयंत पवारांच्या कथेवरचा. चित्रपटाला 'ए' होतं, पण झलक यूट्यूबवर सर्वांना खुली होती. राष्ट्रीय महिला आयोगाने हरकत घेतल्यावर ती काढावी लागली. चित्रपट कुठल्या वयासाठी आहे हे ठरवायचं आणि त्याचा सगळ्यांत जळजळीत दीड मिनिटाचा तुकडा पाळण्यातल्या मुलालाही दाखवायचा, याला वर्गीकरण म्हणायचं? संध्याकाळच्या विरार गाडीत चौथ्या सीटवर बसलेला माणूस हातभर अंतरावर फोन धरून खुनाचा तुकडा बघत असतो, इयरफोन न लावता, आणि आईच्या मांडीवरचं पोर मान वळवून तिकडेच बघत असतं. हे रोजचं आहे.

थिएटरात तरी दार असतं ना? दारावर माणूस असतो. इथे वसईत एका मल्टिप्लेक्समध्ये 'ए' चित्रपटाच्या रात्रीच्या खेळाला माझ्या पुढच्या रांगेत एक कुटुंब आलं, सोबत दुसरी-तिसरीतला मुलगा. दारावरच्या पोराने तिकिटाचा कोड स्कॅन केला, मुलाकडे बघितलं आणि "स्क्रीन तीन, डावीकडे" म्हणाला. ॲपवर तिकीट काढताना अठराखालील व्यक्तीला प्रवेश नाही अशी चौकट येते. ती 'मान्य' दाबून बाजूला करायची असते, हे सगळ्यांना पाठ झालंय. पहिला खून झाला तेव्हा त्या मुलाने तोंड बापाच्या कुशीत लपवलं. डोळे मिटता येतात, पण डॉल्बीचा आवाज खुर्चीच्या पाठीतून अंगात शिरतो. त्याने दोन्ही कानांत बोटं घातली ती मध्यंतरापर्यंत काढली नाहीत. मध्यंतरात बापाने त्याला पॉपकॉर्न आणून दिलं आणि म्हणाला, "घाबरायचं नाही, पिक्चर आहे." कायदा काय सांगतो? 'ए' चित्रपट अठराखालील मुलाला दाखवणाऱ्यावर कारवाई. ही तरतूद 1952 च्याच कायद्याच्या सातव्या कलमात आहे. आणि नव्या 'यूए 16+'ला तर दारावर अडवायचीही सोय नाही. तिथे सगळा निर्णय पालकाचा. ज्या पालकाला सोळाचा आकडा का पडला हे कुणी शब्दांत सांगितलेलं नाही, त्याने निर्णय कशावरून घ्यायचा?

आता वास्तवाचा तो शेवटचा मुद्दा. वसईकरांना वास्तव शिकवू नका. 2022 च्या नोव्हेंबरात वसईतल्या एका तरुणीचा दिल्लीत झालेला खून उघडकीला आला, तेव्हा तिची गल्ली इथेच होती, तिचे मित्र इथेच होते, तिच्या बापाला आम्ही कॅमेऱ्यांच्या गर्दीतून वाट काढताना पाहिलं. वाहिन्यांनी त्या खुनाच्या नकला करून दाखवल्या, फ्रिजपासून सुऱ्यापर्यंत, भर जेवणाच्या वेळी. शेवटी आरोपपत्रातला मजकूर दाखवू नका असं 2023 मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाला वाहिन्यांना सांगावं लागलं. आरोपीने एक परदेशी मालिका पाहिली होती अशाही बातम्या आल्या आणि लगेच चित्रपट-मालिकांवर खापर फोडायला लोक पुढे झाले. मी त्यांतली नाही. त्या मुलीने 2020 सालीच तुळींज पोलिसांकडे लेखी तक्रार दिली होती. तिला वाचवू शकणारी जागा ती होती, कुठली मालिका नव्हे. पण त्या महिन्यात इथल्या कित्येक घरांत मुली रात्री दिवा लावून झोपत होत्या हेही खरं आहे. वास्तव भयंकर आहे म्हणूनच ते अंगावर झेललेली माणसं थिएटरात येऊन बसतात. त्यांना आधी सांगायचं नाही, कारण त्यांनी याहून वाईट भोगलंय? हा युक्तिवाद माणुसकी सोडल्याशिवाय करता येत नाही. बातम्यांना वयाचा वर्ग नाही ही बातम्यांची लाज आहे, चित्रपटाला ती सवलत म्हणून मागता येणार नाही.

मागणं अगदी थोडं आहे. प्रत्येक चित्रपटाच्या प्रमाणपत्रावर वर्गाखाली मराठीत आणि हिंदीत आशय लिहा: लैंगिक अत्याचार, बालकावरील हिंसा, आत्महत्या, जे असेल ते. तेच पोस्टरवर, तेच तिकिटाच्या खिडकीवर, आणि झलकीवर सुद्धा. ओटीटीला जे 2021 पासून बंधनकारक आहे ते थिएटराला लावायला नवा शोध लागत नाही. आणि 'ए'च्या दारावर उभ्या असलेल्या पोराला मालकाने स्पष्ट सांगावं की मूल सोबत असेल तर प्रवेश नाकारायचा. त्यासाठी तुझी नोकरी जाणार नाही, उलट सोडलंस तर विचारणा होईल. एक कुटुंब परत गेलं तर चार तिकिटांचे पैसे बुडतात, हे मला माहीत आहे. बुडू देत.

वसई-विरारकरांना माझी विनंती आहे. पुढच्या वेळी तिकीट काढताना खिडकीवर विचारा की या चित्रपटात नेमकं काय आहे. उत्तर मिळालं नाही तर व्यवस्थापकाला बोलवा आणि लेखी तक्रार द्या. 'ए' चित्रपटाला कुणी लहान मूल आत नेताना दिसलं तर गप्प बसू नका, दारावरच थांबवा. वाईटपणा आला तरी चालेल.